यंत्रावरचा हात : ‘रिकोशे’ या ध्वनिमुद्रिकेचा अभ्यास

— द्वितीय वर्ष, कला

गेल्या वर्षी आपल्या वाङ्मय मंडळात ‘यंत्र आणि कला’ या विषयावर चर्चा झाली. मी तेव्हा प्रथम वर्षात होते. एका सरांनी असा मुद्दा मांडला की, यंत्र ठरवून दिलेलेच वाजवते, म्हणून यंत्राच्या संगीतात उत्स्फूर्तता असू शकत नाही. आणि जिथे उत्स्फूर्तता नाही तिथे मैफल नाही. मी उठून उभी राहिले आणि टँजरिन ड्रीम या जर्मन बँडच्या ‘रिकोशे’ या ध्वनिमुद्रिकेचे उदाहरण दिले. “ही ध्वनिमुद्रिका १९७५ साली इंग्लंडमधल्या एका सभागृहात, एका रात्री, जशी वाजली तशी मुद्रित झाली आहे. सगळी वाद्ये विजेची, आणि सगळे वादन आयत्या वेळी सुचलेले,” असे मी ठासून सांगितले. टाळ्या पडल्या. सरांनीही मोठ्या मनाने “मग माझे विधान मला तपासावे लागेल” असे म्हटले.

सरांनी त्यांचे विधान तपासले की नाही, हे मला ठाऊक नाही. मी माझे तपासले, आणि ते चुकीचे निघाले. प्रस्तुत लेख लिहिण्याचे पहिले कारण ही चूक आहे. चूक चारचौघांत केली होती, म्हणून तिची दुरुस्तीही चारचौघांत व्हावी असे वाटते. दुसरे कारण असे की, चूक शोधता शोधता मूळ प्रश्नच बदलला. ‘प्रत्यक्ष वादन’ आपण नेमके कशाला म्हणतो, हा तो बदललेला प्रश्न होय.

बँडची ओळख

टँजरिन ड्रीमची स्थापना एडगर फ्रोझे यांनी १९६७ साली पश्चिम बर्लिनमध्ये केली. फ्रोझे यांचा जन्म ६ जून १९४४ रोजी, म्हणजे दोस्तांच्या फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या त्याच दिवशी, पूर्व प्रशियातील टिलझिट या गावी झाला. आज ते गाव रशियात असून त्याचे नाव सोव्हेत्स्क आहे. संगीतात येण्यापूर्वी फ्रोझे यांनी चित्रकला आणि शिल्पकला यांचे शिक्षण घेतले होते. त्या काळचे पश्चिम बर्लिन चहूबाजूंनी भिंतीने वेढलेले शहर होते. तेथील तरुणांना वडिलांच्या पिढीचे संगीत नको होते, आणि अमेरिकन रॉक संगीताची नक्कलही पुरेशी वाटत नव्हती. १९६८ मध्ये तेथे ‘झोडियाक’ नावाची एक प्रयोगशील जागा सुरू झाली. नियम न पाळता, तासन्‌तास, हाती येईल त्या वस्तूतून आवाज काढणारे कलावंत तेथे जमत. टँजरिन ड्रीम याच वातावरणात वाढले.

१९७० च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत गिटार, ढोल आणि चेलो होते. पुढे सहकारी बदलत गेले आणि १९७१ पासून फ्रोझे, ख्रिस्टोफर फ्रांके आणि पीटर बाउमान असे त्रिकूट जमले. फ्रांके मूळचे ढोलवादक. हे लक्षात ठेवावे, कारण पुढे यंत्रावर ताल धरण्याचे काम प्रामुख्याने त्यांच्याकडे आले. १९७४ साली ‘फेड्रा’ ही ध्वनिमुद्रिका इंग्लंडच्या व्हर्जिन कंपनीने काढली आणि ती तेथील विक्रीच्या यादीत १५ व्या क्रमांकापर्यंत चढली. १९७५ च्या ‘रुबिकॉन’ने १० वा क्रमांक गाठला. शब्द नाहीत, गायक नाही, एकेक रचना वीस मिनिटांच्या आसपास. तरीही एवढे श्रोते मिळाले, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ‘रिकोशे’ आली. ही त्यांची पहिली प्रत्यक्ष मैफलीची ध्वनिमुद्रिका मानली जाते.

‘जॅम’ म्हणजे काय?

पाश्चात्त्य संगीतात काहीही आधी न ठरवता, एकमेकांचे ऐकत वाजवण्याला ‘जॅम’ म्हणतात. हा शब्द जाझमधून आला. रॉक संगीतात त्याची मोठी परंपरा अमेरिकेच्या ग्रेटफुल डेड या बँडने १९६५ पासून उभी केली. त्यांच्या मैफलीत एकच गाणे एका रात्री सात मिनिटे, तर दुसऱ्या रात्री पंचवीस मिनिटे चाले. म्हणून श्रोते प्रत्येक मैफल स्वतः मुद्रित करून आपसात टेपांची देवघेव करीत; १९८४ मध्ये तर बँडने अशा श्रोत्यांसाठी सभागृहात वेगळी जागाच राखून ठेवली. पुढे १९९० नंतर फिलाडेल्फियाच्या ‘द डिस्को बिस्किट्स’सारख्या बँडनी या परंपरेला सिंथेसायझर आणि नृत्यसंगीताचा ठेका जोडला. त्यांना आज इलेक्ट्रॉनिक जॅम बँड म्हणतात.

टँजरिन ड्रीमला हे नाव तेव्हा कोणी दिले नव्हते. परंतु काम तेच होते. त्या वर्षांत ते रंगमंचावर बहुधा अंधुक प्रकाशात, आपापल्या यंत्रांपुढे बसून, जवळजवळ संपूर्ण मैफल आयत्या वेळी रचत. काल वाजले ते आज वाजेलच असे नसे. म्हणून त्यांच्याही चाहत्यांनी मैफलींची मुद्रणे जपून ठेवली, आणि अलीकडे ‘टँजरिन ट्री’ या नावाने ती गोळा करून विनामोबदला वाटली.

यंत्राची रीत

सरांच्या मुद्द्याकडे यायचे तर ‘सीक्वेन्सर’ हे यंत्र समजून घेतले पाहिजे. सीक्वेन्सर म्हणजे क्रम लावणारा. फ्रांके वापरीत असलेल्या मोग पद्धतीच्या यंत्रणेत ९६० क्रमांकाचा सीक्वेन्सर असे. त्याच्यावर आठ-आठ बटनांच्या तीन ओळी असतात. प्रत्येक बटन फिरवून विजेचा विशिष्ट दाब ठरवायचा. तो दाब स्वरनिर्मिती करणाऱ्या यंत्राकडे गेला की त्या प्रमाणात स्वर चढतो. एक व्होल्ट वाढला की स्वर बरोबर एक सप्तक वर जातो. यंत्र पहिल्या घरापासून आठव्या घरापर्यंत जाते आणि पुन्हा पहिल्यावर येते. अशा रीतीने आठ स्वरांची एक ओळ न थकता फिरत राहते.

आपल्याकडे याला जवळची गोष्ट म्हणजे लेहरा. तबल्याच्या एकल वादनात हार्मोनियमवर किंवा सारंगीवर एकच स्वरओळ पुनःपुन्हा वाजवतात, आणि त्या भिंतीला टेकून तबलजी आपले कायदे-रेले मांडतो. लेहरा धरणाऱ्याने स्वतःचे काही घालायचे नसते. सीक्वेन्सरचेही तसेच, असे प्रथमदर्शनी वाटते. पण येथे एक महत्त्वाचा फरक आहे. सीक्वेन्सर फिरत असतानाच वादक एखादे बटन किंचित फिरवतो, आणि पुढच्या फेरीत त्या घरातला स्वर बदललेला असतो. एखादे घर वगळले की ओळ आठांची सात होते आणि ठेका लंगडा पडतो. दोन सीक्वेन्सर वेगवेगळ्या लांबीचे लावले तर ते एकमेकांपासून दूर जातात आणि काही फेऱ्यांनी पुन्हा एकत्र भेटतात. अशा वेळी समेवर आल्याचा आनंद होतो. म्हणजे येथे लेहराच हळूहळू बदलत जातो, आणि तो बदलणे हेच वादन असते.

शिवाय ही यंत्रे वाटतात तितकी आज्ञाधारक नव्हती. जुन्या सिंथेसायझरचे स्वर उष्णतेने सरकत. ‘फेड्रा’ मुद्रित होत असताना यंत्र तापून स्वर घसरला, आणि तो घसरलेला स्वर तसाच ध्वनिमुद्रिकेत राहिला आहे. तंबोऱ्याची तार उतरली की गवयी ती पुन्हा चढवतो. तशीच ही माणसे वाजवता वाजवता यंत्र सुरात आणीत.

दुसरे वाद्य मेलोट्रॉन. त्याची पट्टी दाबली की बासरी, व्हायोलिन किंवा समूहगानाचा आवाज येतो. हा आवाज आतल्या फितीच्या तुकड्याचा असतो. प्रत्येक पट्टीखाली एक फीत, आणि फितीवर खऱ्या वादकाने कधीतरी वाजवून ठेवलेला स्वर, सुमारे आठ सेकंदांचा. वाचकांनी हे वाद्य ध्यानात ठेवावे. मैफलीत प्रत्यक्ष वाजणारा मेलोट्रॉन म्हणजे मुळात एक ध्वनिमुद्रणच आहे. ‘प्रत्यक्ष’ आणि ‘मुद्रित’ यांच्यामध्ये मी आखलेली रेघ प्रथम येथे पुसट झाली.

येथे एक नोंद करावीशी वाटते. अशा पुनरावृत्तीच्या संगीताच्या पूर्वसुरींत अभ्यासक अमेरिकन संगीतकार टेरी रायली यांचे नाव घेतात. रायली यांनी १९७० पासून पंडित प्राणनाथ यांचे शिष्यत्व पत्करले, आणि प्राणनाथ किराणा घराण्याचे. ज्या घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, त्याच घराण्याचे. मिरज आमच्या इचलकरंजीपासून एस.टी.ने फार दूर नाही. यावरून बर्लिनचे संगीत आपल्याकडूनच गेले असे म्हणण्याचा मोह टाळला पाहिजे. तसे ते गेलेले नाही. एकच स्वर धीराने ऐकण्याची ओढ दोन ठिकाणी होती, एवढेच यातून दिसते.

१९७४-७५ : चर्चमधील मैफली

‘रिकोशे’ ज्या दौऱ्यातून निघाली त्याची पार्श्वभूमी पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १३ डिसेंबर १९७४ रोजी फ्रान्समधील रॅंस येथील कॅथेड्रलमध्ये टँजरिन ड्रीमची मैफल झाली. फ्रान्सच्या राजांचा राज्याभिषेक याच कॅथेड्रलमध्ये होत असे. हजारो तरुण आत दाटीवाटीने बसले. एवढ्या गर्दीसाठी तेथे काहीच सोय नव्हती, आणि मागे राहिलेल्या घाणीवरून पुढे बराच गदारोळ झाला. पण मला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. सप्टेंबर १९१४ मध्ये हेच कॅथेड्रल जर्मन तोफांच्या माऱ्यात जळाले होते.

पुढच्या वर्षी ऑगस्ट ते ऑक्टोबर १९७५ या काळात बँडचा युरोप-दौरा झाला. त्यात इंग्लंडमधील लिव्हरपूल आणि यॉर्क येथील कॅथेड्रलमध्येही मैफली झाल्या. ४ ऑक्टोबर रोजी ते कॉव्हेंट्री येथे वाजले. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी कॉव्हेंट्री शहर बेचिराख केले. त्यात जुने कॅथेड्रल जळाले. त्याचे अवशेष तसेच ठेवून शेजारी नवे कॅथेड्रल बांधण्यात आले आणि १९६२ मध्ये ते खुले झाले. बॉम्बवर्षावानंतर पस्तीस वर्षे उलटण्याच्या आत, बर्लिनहून आलेले तीन तरुण तेथे आपली यंत्रे घेऊन बसले. श्रोत्यांपैकी काहींच्या आईवडिलांनी ती रात्र तळघरात काढली असेल. ते तरुण काही बोलले नाहीत. त्यांच्या संगीतात शब्दच नव्हते. मैफलीत सूर आणि ताल यांच्याखेरीज आणखी एक गोष्ट असते. कोण कोणासमोर बसले आहे, ही ती गोष्ट. ती कोणत्याही फितीवर उतरत नाही.

या मैफलीचे चित्रण टोनी पामर या दिग्दर्शकाने केले आहे. मात्र त्या चित्रपटात आपल्याला ऐकू येते ते त्या रात्रीचे वादन नव्हे, तर ‘रिकोशे’ ध्वनिमुद्रिकेतील संगीत. चित्र कॉव्हेंट्रीचे, आवाज ध्वनिमुद्रिकेचा. हे कळले तेव्हा मी प्रथम चपापले, आणि मग ‘रिकोशे’तला आवाज तरी कुठला, याचा शोध घेऊ लागले.

ध्वनिमुद्रिका

‘रिकोशे’ म्हणजे गोळी किंवा दगड कशावर तरी आपटून उसळणे. पाण्यावर चपटा दगड आडवा फेकला की तो टप्पे घेत जातो, तसे. ध्वनिमुद्रिकेला दोनच भाग आहेत, प्रत्येक बाजूला एक. पहिला सुमारे १७ मिनिटांचा, दुसरा सुमारे २१ मिनिटांचा.

पहिल्या भागात आधीच्या ध्वनिमुद्रिकांपेक्षा ढोल आणि फ्रोझे यांची गिटार जास्त पुढे आहे. सुरुवात सावकाश होते. मग तालवाद्ये येतात, खालून सीक्वेन्सर सुरू होतो, आणि सगळे मिळून रॉक संगीताच्या जोमाने धावू लागते.

दुसरा भाग मला अधिक आवडतो. तो एकट्या पियानोने सुरू होतो. विजेच्या वाद्यांच्या ध्वनिमुद्रिकेत पियानो ऐकून नवल वाटते. साधी, थोडी उदास चाल. मग मेलोट्रॉनच्या बासऱ्या तीच चाल उचलतात. आणि नंतर सीक्वेन्सर येतो. एक, मग दुसरा, एकमेकांवर आपटून उसळणारे. ध्वनिमुद्रिकेचे नाव येथे सार्थ होते. कुठला स्वर कोणत्या ओळीचा, हे काही वेळाने सांगता येत नाही. मध्ये सगळे शांत होऊन पुन्हा बासऱ्या ऐकू येतात, आणि परत चक्रे फिरू लागतात. अनेक थरांच्या या लयीत पुढच्या काळातील ट्रान्स वगैरे नृत्यसंगीताची चाहूल समीक्षकांना लागली आहे.

माझी चूक

ही ध्वनिमुद्रिका क्रॉयडन येथील फेअरफील्ड हॉलमध्ये २३ ऑक्टोबर १९७५ रोजी मुद्रित झाली, असे मी वाचले होते. पुष्कळ ठिकाणी तसे लिहिलेले आहे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही. छापलेले ते खरे, अशी घरातली समजूत. लाइट बिलापासून पोथीपर्यंत सगळ्याला तीच लागू. तीच समजूत घेऊन मी मंडळात बोलले.

परंतु क्रॉयडनच्या त्या रात्रीचे मुद्रणही उपलब्ध आहे. सुट्टीत मी दोन्ही मुद्रणे वहीत खुणा करीत ऐकली. दुसऱ्या भागातील सीक्वेन्सरचे वादन क्रॉयडनच्या मैफलीत ओळखू येते. पहिल्या भागाशी जुळणारे मात्र मला तेथे काही सापडले नाही. नंतर वाचताना कळले की अभ्यासकांचेही आज साधारण हेच मत आहे. पहिला भाग बराचसा स्टुडिओत तयार झाला आहे आणि क्रॉयडनचा अंश दुसऱ्या भागात आहे. म्हणजे ‘एका रात्री, जशी वाजली तशी’ हे माझे विधान साफ खोटे ठरले.

खरे सांगायचे तर मला फसवले गेल्यासारखे वाटले. काही दिवस मी ती ध्वनिमुद्रिका लावलीच नाही. मग इतर उदाहरणे पाहिली. ग्रेटफुल डेडने १९६८ च्या ‘अँथेम ऑफ द सन’मध्ये अनेक मैफलींचे तुकडे आणि स्टुडिओतले वादन एकत्र मिसळले होते. त्यांच्याच ‘युरोप ७२’ या गाजलेल्या प्रत्यक्ष ध्वनिमुद्रिकेत गाण्याचे आवाज नंतर पुन्हा भरले गेले. म्हणजे टँजरिन ड्रीमने जगावेगळे काही केले नव्हते. पण सगळेच करतात म्हणून ते योग्य होते असेही नाही. जे स्टुडिओत केले ते स्टुडिओत केले असे सांगावे, इतकी अपेक्षा श्रोत्याने ठेवायला हरकत नसावी.

आण्णांचे ऐकणे

आता जो प्रसंग सांगते तो पुरावा म्हणून सांगते. घरगुती म्हणून वाचकांनी क्षमा करावी.

माझे वडील, आण्णा, गेली सत्तावीस वर्षे इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला आहेत. एका वेळी सहा माग सांभाळतात. मागांच्या खडखडाटाने त्यांना ऐकायला कमी येते. आमच्या घरी सगळे मोठ्यानेच बोलतात. त्यांना संगीत म्हणजे भजन आणि रेडिओवरची जुनी गाणी. माझा मामेभाऊ साउंड सिस्टिम भाड्याने देतो. सुट्टीच्या दिवशी त्याने एक स्पीकर दुरुस्तीसाठी आमच्या दारात आणला होता, आणि तो तपासायला मी मोबाइलवरून ‘रिकोशे’चा दुसरा भाग लावला. आण्णा उंबऱ्यात बसले होते. सीक्वेन्सर सुरू झाल्यावर ते म्हणाले, “ह्ये काय, मागाचा आवाज भरून आणलायस व्हय?”

आम्ही हसलो. मी थोडक्यात सांगितले की हे यंत्र आहे, एकदा लावून दिले की आपले आपण वाजत राहते. ते काही बोलले नाहीत. बराच वेळ ऐकत राहिले. मग एका ठिकाणी बोट वर करून म्हणाले, “हितं कुणीतरी हात घातला बघ.”

मी विचारले, “कशावरून, आण्णा?”

“माग आपला आपण असा बदलत न्हाई,” ते म्हणाले. “सूत तुटलं तर आवाज झटकन बदलतो. ह्यो हळू बदलला. कुणीतरी जवळ बसून फिरवलंय.”

मी मागे नेऊन पुन्हा लावले. ओळीतला एकच स्वर फेरीगणिक थोडा थोडा सरकत होता. मी ती ध्वनिमुद्रिका पंचवीस वेळा तरी ऐकली असेल. ही जागा माझ्या वहीत नव्हती. सहा मागांमधून धागा तुटलेला माग केवळ आवाजावरून ओळखणे हे ज्यांचे रोजचे काम, त्यांच्या कानाला ती पहिल्याच वेळी सापडली. मी त्यांना विचारले, “हे हजार माणसांसमोर वाजवलंय की खोलीत बसून, हे सांगता येईल का?” ते म्हणाले, “त्ये कसं कळंल? पर वाजवणारा ऐकत हुता, येवढं कळतंय.”

निष्कर्ष

या सर्व विवेचनातून माझ्यापुरते तीन निष्कर्ष निघतात.

पहिला असा की, यंत्राच्या संगीतात उत्स्फूर्तता असू शकत नाही, हे सरांचे विधान टिकत नाही. मात्र मी दिलेल्या कारणाने नव्हे. यंत्र पुनरावृत्ती करते हे खरेच आहे. परंतु पुनरावृत्ती चालू असताना तिच्याकडे कान लावून बसलेला आणि योग्य क्षणी हात घालणारा माणूस तेथे असतो. उत्स्फूर्तता त्या हातात आहे. तो हात काढून घेतला तर सरांचे म्हणणे खरे ठरेल. म्हणून यंत्र की माणूस असा प्रश्न विचारण्यापेक्षा, यंत्राजवळ कोणी ऐकणारा आहे का, असा प्रश्न विचारावा.

दुसरा असा की, ‘प्रत्यक्ष’ या शब्दात आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधतो. एक म्हणजे वादकाचे ऐकणे. ते सभागृहात असू शकते तसेच स्टुडिओतही असू शकते, आणि फितीवर उतरते. दुसरी म्हणजे समोरासमोर असणे. जर्मन तरुणांचे कॉव्हेंट्रीतील लोकांपुढे बसणे फितीवर उतरत नाही. त्यासाठी त्या रात्री तेथेच असावे लागते. ‘रिकोशे’त पहिली गोष्ट भरपूर आहे. दुसरी तिच्यात नाही, आणि कोणत्याच ध्वनिमुद्रिकेत पुरती असणार नाही.

तिसरा निष्कर्ष संगीताविषयी नाही. एखादी कलाकृती खरोखर चांगली असू शकते आणि तिच्याविषयी छापलेली माहिती चुकीची असू शकते. ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी असू शकतात, हे मला ठाऊक नव्हते. माहिती खोटी ठरली म्हणून संगीत टाकून देणे, किंवा संगीत आवडते म्हणून खोटी माहिती झाकणे, हे दोन्ही सोपे मार्ग मी काही दिवस चालून पाहिले. आता ध्वनिमुद्रिका पुन्हा ऐकते, आणि वहीत तिच्या नावापुढे ‘अंशतः प्रत्यक्ष’ असे लिहिले आहे.

फ्रोझे २० जानेवारी २०१५ रोजी व्हिएन्नामध्ये निवर्तले. त्यांच्या पश्चात नव्या वादकांनी बँड पुढे चालवला, आणि त्यांच्या मैफलीचा शेवट आधी काहीही न ठरवता केलेल्या वादनाने करण्याचा प्रघात पाडला. त्याला ते ‘सेशन’ म्हणतात. पन्नास वर्षांपूर्वीची ती रीत अशी टिकून राहिली, याचा आनंद वाटतो.

मंडळाच्या येत्या बैठकीत मी माझे गेल्या वर्षीचे विधान मागे घेण्याची परवानगी मागणार आहे. सरांची हरकत नसेल तर ‘रिकोशे’चा दुसरा भाग तेथे सर्वांना ऐकवावा, अशी विनंतीही करणार आहे. आण्णांनी दाखवलेली जागा कोणती, ते मी आधी सांगणार नाही. ती कोणाच्या कानाला सापडते ते पाहू.